कार्ड कोणाच्या ताब्यात?

व्हर्च्युअल मशीनला खरंखुरं ग्राफिक्स कार्ड जोडून द्यायला बसलेला माणूस बहुधा ‘आता कुठली सेटिंग राहिली?’ एवढ्याच प्रश्नाभोवती घिरट्या घालतो. इंटरनेटवर सापडलेल्या सूचना वेगवेगळ्या वर्षांच्या आणि वेगवेगळ्या मदरबोर्डांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांतल्या सगळ्या ओळी तो एकाच फायलीत चिकटवतो आणि पडदा काळा तो काळाच राहतो. त्यापेक्षा एकच प्रश्न धरून बसावं: बटण दाबल्यापासून हे कार्ड कोणाकोणाच्या ताब्यात गेलं आणि या घडीला ते कोणाकडे आहे? अशा जोडणीच्या, म्हणजे पासथ्रूच्या, बहुतेक तक्रारी या प्रश्नाच्या उत्तरात सापडतात.

पुण्यात हा उद्योग करणारे पुष्कळ आहेत. कोणाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये टेबलाखाली जुना डेस्कटॉप आणि त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स असतं. एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकच दणकट मशीन आणि त्यावर डोळा ठेवून असलेली अख्खी वर्गभर मुलं. आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसा विंडोजवर रेंडरिंग हवं असतं आणि रात्री त्याच यंत्रावर लिनक्समध्ये दुसरं काही चालवायचं असतं. कार्डाची किंमत उरलेल्या सगळ्या मशीनएवढी, त्यामुळे दुसरं घेण्याचा प्रश्नच येत नाही. याच शहरात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत ६३व्या क्रमांकावर आला. त्यात एनव्हिडियाच्या ४२ डीजीएक्स ए१०० यंत्रणा, प्रत्येकीत ८ कार्डं, म्हणजे एकूण ३३६. घरच्या मशीनमध्ये कार्ड एक आणि दावेदार दोन.

आधी यंत्रणा समजून घेऊ. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून एकाच संगणकात अनेक संगणक उभे करणारा प्रोग्राम म्हणजे हायपरव्हायझर. लिनक्समधला केव्हीएम हा त्याचा सर्वांत रुळलेला प्रकार, आणि प्रॉक्समॉक्स त्याच्यावरच उभं आहे. खालच्या खऱ्या मशीनला होस्ट म्हणतात, वरच्या आभासी मशीनला गेस्ट. गेस्टला एरवी मिळतं ते सोंगाचं ग्राफिक्स कार्ड. डेस्कटॉप दिसण्यापुरतं ते पुरतं, पण गेम किंवा कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर गणना करण्याची सोय) त्यावर चालत नाही. पासथ्रूमध्ये होस्ट खऱ्या कार्डावरचा हक्क सोडतो आणि गेस्टचा ड्रायव्हर थेट त्या सिलिकॉनशी बोलतो.

यात धोका आहे, कारण ग्राफिक्स कार्ड मेमरीत स्वतः वाचतं-लिहितं. प्रत्येक वेळी ते प्रोसेसरची परवानगी मागत नाही. यालाच डीएमए म्हणतात. गेस्टला वाटतं की आपली मेमरी शून्य पत्त्यापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती होस्टच्या मेमरीत कुठेतरी मधेच, तुकड्यातुकड्यांत पडलेली असते. गेस्टने कार्डाला दिलेला पत्ता कार्डाने जसाच्या तसा वापरला, तर ते होस्टच्याच मेमरीवर लिहील आणि सगळंच कोसळेल. म्हणून मधे पत्ते बदलून देणारा आणि हद्दीबाहेरचे अडवणारा एक पहारेकरी लागतो. त्याचं नाव आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय.

पहिली गफलत इथेच होते. बायोसमध्ये व्हीटी-एक्स नावाची एक वेगळी सेटिंग असते. ती प्रोसेसरच्या आभासीकरणाची, आणि ती चालू असली की व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) छान बूट होतात. त्यामुळे ‘व्हर्च्युअलायझेशन तर चालूच आहे’ असं समजून माणूस पुढे जातो आणि व्हीटी-डी बंदच राहतं. काही बोर्डांवर ते चिपसेटच्या किंवा ‘सिस्टिम एजंट’च्या पानात खोल दडलेलं असतं. एएमडीच्या बोर्डांवर ‘ऑटो’ लिहिलेलं दिसलं, तरी ते हाताने ‘एनेबल्ड’ करून टाकावं.

दुसरी गफलत जास्त चीड आणणारी. इंटेलच्या मशीनवर कर्नेलला बूटच्या वेळी ‘इंटेल आयओएमएमयू ऑन’ असं सांगणारी ओळ द्यावी लागू शकते. जवळजवळ सगळ्या जुन्या सूचना ती ग्रब या बूटलोडरच्या फायलीत लिहायला सांगतात. पण प्रॉक्समॉक्स यूईएफआय आणि झेडएफएसवर बसवलं असेल, तर ते बहुधा ग्रबने बूट होतच नाही, सिस्टिमडी-बूटने होतं. त्याची ओळ वेगळ्या फायलीत असते आणि ती बदलल्यावर बूटची यादी नव्याने तयार करणारी आज्ञा द्यावी लागते. माणूस ग्रबची फाइल दहादा दुरुस्त करतो आणि मशीन ती उघडूनही पाहत नाही. म्हणून फायलीत काय लिहिलंय यावर विसंबू नये. चालू कर्नेलला खरोखर कोणती ओळ मिळाली ते ‘प्रॉक’ डिरेक्टरीतल्या ‘सीएमडीलाइन’मध्ये दिसतं. तिथे ती नसेल, तर ती लिहिलेलीच नाही असं धरावं. त्यानंतर बूटच्या लॉगमध्ये डीएमएआर किंवा एएमडी-व्हीआय सुरू झाल्याची नोंद शोधावी.

आता ग्रुपांचा विषय, इथे जरा थांबायला हवं. आयओएमएमयू प्रत्येक उपकरणाला वेगळं ओळखू शकतोच असं नाही. त्याला जी उपकरणं एकमेकांपासून खात्रीने वेगळी ठेवता येत नाहीत, त्यांचा कर्नेल एक ग्रुप करतो, आणि ग्रुप द्यायचा तर अख्खाच द्यावा लागतो. पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांना मधे कडी नसलेलं एकच दार असेल, तर त्या दोन वेगळ्या भाडेकरूंना देता येत नाहीत, तसंच हे. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये ही कडी म्हणजे एसीएस नावाची सोय. ती नसेल तर एका पुलामागची (पीसीआय ब्रिजमागची) दोन उपकरणं पहारेकऱ्याच्या नजरेआड परस्पर बोलू शकतात. मग कर्नेल धोका पत्करत नाही, त्यांना एकत्रच बांधतो.

ग्राफिक्स कार्ड स्वतः दोन उपकरणं असतं: एक चित्राचं, दुसरं एचडीएमआयमधून जाणाऱ्या आवाजाचं. पत्ता ०१:००.० आणि ०१:००.१ असा जोडीने दिसतो. नव्या कार्डांत यूएसबी-सीचे आणखी दोन भाग असू शकतात. हे सगळे एका ग्रुपात असणं स्वाभाविक आहे, सगळेच गेस्टला द्यावेत. त्याच ग्रुपात पीसीआयचा पूल दिसला तर घाबरू नये, तो त्याच्या जागी राहू द्यायचा असतो. पण तिथेच सॅटा कंट्रोलर किंवा होस्टचं नेटवर्क कार्ड दिसलं तर खरी अडचण. ‘ग्रुप इज नॉट व्हायबल’ अशी चूक येते ती याचसाठी: ग्रुपातलं एखादं उपकरण अजून होस्टच्या ड्रायव्हरकडे आहे.

यावर पहिला उपाय स्क्रू-ड्रायव्हरचा. कार्ड दुसऱ्या स्लॉटात लावून बघावं. प्रोसेसरला थेट जोडलेला स्लॉट आणि चिपसेटमधून जाणारा स्लॉट यांचे ग्रुप बहुतेक बोर्डांवर वेगळे पडतात. स्वस्त बोर्डांवर चिपसेटमागचं सगळंच एका ग्रुपात कोंबलेलं असतं. दुकानदाराला बोर्ड मागताना आपण रॅमचे स्लॉट आणि वाय-फाय विचारतो, ग्रुपांबद्दल कोणी विचारत नाही आणि खोक्यावरही ते छापलेलं नसतं. दुसरा उपाय ‘एसीएस ओव्हरराइड’ नावाचा पॅच. मूळ लिनक्सने तो स्वीकारलेला नाही, प्रॉक्समॉक्सच्या कर्नेलमध्ये मात्र तो आहे. तो कर्नेलला फक्त एवढंच सांगतो की उपकरणं वेगळी आहेत असं मान. हार्डवेअरमध्ये त्याने काही बदलत नाही. माझ्या मते घरी, आपल्याच दोन गेस्टांसाठी तो लावायला हरकत नाही. पण वेगवेगळे विद्यार्थी किंवा ग्राहक ज्या मशीनवर येतात, तिथे तो लावू नये.

ग्रुप ठीक असला तर पुढचा मुद्दा ड्रायव्हरचा. होस्टला कार्ड दिसताच नूव्हो, एनव्हिडिया किंवा एएमडीजीपीयू यांपैकी कोणीतरी त्यावर झडप घालतो. आपल्याला तिथे बसवायचा असतो व्हीएफआयओ-पीसीआय नावाचा राखणदार, जो स्वतः कार्डाशी काही करत नाही, फक्त गेस्टसाठी जागा धरून ठेवतो. व्हीएफआयओ २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये आलं आणि आज पासथ्रूचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. कार्डाच्या ओळखक्रमांकाची जोडी त्याला नेमून द्यायची, तो बाकीच्या ड्रायव्हरांच्या आधी उठेल अशी अट घालायची आणि मग बूटच्या वेळी वापरली जाणारी इनिटरॅमएफएस नव्याने बांधायची. ही शेवटची पायरी विसरणारे सर्वांत जास्त. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ड्रायव्हरही दाखवायला सांगितलं की प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ दिसते, म्हणजे ताब्याचा उताराच. चित्राच्या भागाखाली व्हीएफआयओ आणि आवाजाच्या भागाखाली अजून ‘एसएनडी एचडीए इंटेल’ असा अर्धवट ताबा पुष्कळदा सापडतो.

जुन्या सूचनांत व्हीएफआयओच्या मॉड्यूलांच्या यादीत ‘व्हीआयआरक्यूएफडी’ असं एक नाव असतं. लिनक्स ६.२ पासून ते मुख्य मॉड्यूलमध्येच विलीन झालं आहे. ते सापडत नाही अशी तक्रार लॉगमध्ये आली तर तिच्यामागे संध्याकाळ घालवू नये.

ड्रायव्हर बरोबर दिसतो, तरी गेस्ट सुरू झाल्यावर पडदा काळा, आणि होस्टच्या लॉगमध्ये ‘बार ३, कान्ट रिझर्व्ह’ अशा ओळींचा पाऊस. बार म्हणजे कार्डाने संगणकाच्या पत्त्यांच्या नकाशात उघडलेल्या खिडक्या. त्यांतली एक दुसऱ्याच कोणीतरी धरून ठेवलेली असते. तो कोण? मशीन चालू झाल्यावर कंपनीचा लोगो आणि बूटचा मजकूर याच कार्डातून दिसला होता. यूईएफआयने तयार केलेला तो चित्रपट्टा कर्नेलने तसाच पुढे वापरायला घेतला. ड्रायव्हरच्या यादीत तो दिसत नाही. ‘प्रॉक’मधल्या ‘आयओमेम’ या फायलीत मात्र कार्डाच्या पत्त्यांखाली ‘बूटएफबी’ असं त्याचं नाव चक्क लिहिलेलं असतं. जुन्या सूचनांतला ‘ईएफआयएफबी ऑफ’ हा उपाय नव्या कर्नेलवर लागू पडत नाही, कारण हे काम आता ‘सिसएफबी’ करतं आणि त्यालाच बूटच्या ओळीतून रोखावं लागतं. तसं केलं की होस्टच्या पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे आधी दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने आत जाता येतं ना, ते बघावं. सगळ्यांत सुटसुटीत उपाय म्हणजे बायोसमध्ये पहिला डिस्प्ले म्हणून प्रोसेसरमधलं ग्राफिक्स निवडणं, म्हणजे मोठ्या कार्डाला बूटच्या वेळी कोणी हातच लावत नाही. पण प्रोसेसर इंटेलच्या ‘एफ’ मालिकेतला असेल, तर त्यात ग्राफिक्सच नसतं. खरेदीच्या वेळी वाचवलेले पैसे इथे आडवे येतात.

बूटच्या वेळी वापरलेल्या कार्डाची आणखी एक खोड असते. कार्डावर त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, म्हणजे रॉम असते. होस्टने एकदा वापरल्यावर गेस्टला तिची मूळ प्रत मिळेलच असं नाही. रॉमची सुरुवात ५५ आणि एए या दोन बाइटांनी व्हायला हवी. लॉगमध्ये ‘एए५५ अपेक्षित, एफएफएफएफ मिळाले’ अशा अर्थाची ओळ आली तर रॉम वाचताच आलेली नाही. कार्ड दुसऱ्या क्रमांकावर असताना तिची प्रत काढून ती फाइल व्हीएमला द्यावी लागते. दुसऱ्याच्या कार्डाची उतरवलेली रॉम वापरायची तर मॉडेल आणि मेमरीचा प्रकार तंतोतंत जुळला पाहिजे. याशिवाय गेस्टचा फर्मवेअर ओव्हीएमएफ आणि मशीनचा प्रकार क्यू३५ ठेवावा. जुन्या सीबायोसवर आजची कार्डं उगाच हट्ट करतात.

विंडोज गेस्टमध्ये ‘कोड ४३’ दिसणं हा एके काळी या विषयातला सर्वांत कुप्रसिद्ध अनुभव होता. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे एनव्हिडियाचा जीफोर्स ड्रायव्हर ओळखायचा आणि काम करायला नकार द्यायचा. लोक मग हायपरव्हायझरची ओळख लपवत, त्याला खोटं नाव देत. २०२१ च्या मार्चअखेरीस कंपनीने ४६५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून विंडोज गेस्टमध्ये जीफोर्स पासथ्रूला अधिकृत, सुरुवातीला बीटा, मान्यता दिली. त्यामुळे आजच्या ड्रायव्हरवर कोड ४३ आला तर लपवाछपवीत वेळ घालवू नये. विंडोजच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की उपकरणाने अडचण कळवली. मग रॉम, बार आणि रीसेट पुन्हा तपासावेत. मोठ्या मेमरीच्या कार्डावर ‘रीसाइझेबल बार’ चालू असेल तर खिडकी काही गिगाबाइटांची होते आणि गेस्टच्या नकाशात ती मावत नाही. लिनक्स गेस्टमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर ‘बार १ शून्य मेगाबाइट’ अशी कुरकुर करतो ती याच जातीची. बायोसमध्ये ती सोय तात्पुरती बंद करून बघावं.

रीसेटचं दुखणं एएमडीच्या काही पिढ्यांना, पोलारिस, व्हेगा आणि पहिल्या नावी कार्डांना, विशेष छळतं. पहिल्यांदा गेस्ट झकास चालतो. तो बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड उठतच नाही. एका गेस्टने वापरलेलं कार्ड दुसऱ्याला देण्याआधी कोऱ्या पाटीसारखं व्हायला हवं, आणि या कार्डांना ते नीट जमत नाही. लॉगमध्ये ‘डी३ मध्ये अडकलं’ असं येतं, किंवा यादीत कार्डाची आवृत्ती ‘एफएफ’ दिसते. उत्तर न देणारं उपकरण वाचलं की सगळे बिट १ मिळतात, तेच हे एफएफ. होस्ट रीस्टार्ट करूनही कधी कधी भागत नाही, कारण स्लॉटाची वीज तुटतच नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. ज्यांच्याकडे यूपीएस नाही त्यांचं कार्ड गुरुवारी संध्याकाळी आपोआप बरं झालेलं असतं आणि मालक त्याचं श्रेय आदल्या रात्री बदललेल्या एखाद्या सेटिंगला देतो. अशा कार्डांसाठी ‘व्हेंडर-रीसेट’ नावाचं कर्नेल मॉड्यूल मिळतं, पण ते प्रत्येक नव्या कर्नेलवर बांधलं जाईलच याची हमी नाही.

मेमरीचा हिशेबही वेगळा होतो. कार्ड केव्हाही, कुठेही लिहू शकतं, म्हणून गेस्टची सगळी मेमरी होस्टला सुरुवातीलाच जागेवर खिळवून ठेवावी लागते. एरवी चालतो तो बलूनिंगचा, म्हणजे गेस्टची मेमरी गरजेप्रमाणे कमी-जास्त करण्याचा, लवचीकपणा इथे नाही. १६ जीबीच्या मशीनवर १२ जीबीचा गेस्ट कार्डाशिवाय आरामात उठायचा, तो कार्डासकट ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणून पडतो. सुरू व्हायला लागणारा जास्तीचा वेळही याच खिळवण्यात जातो. तो बिघाड नाही.

आणि सर्वांत अनपेक्षित घोटाळा कार्डाशी संबंध नसलेल्या जागी होतो. स्लॉटात नवं कार्ड आलं की मागच्या उपकरणांचे पीसीआय पत्ते सरकू शकतात. लिनक्स नेटवर्क पोर्टाचं नाव त्या पत्त्यावरून ठरवतो. काल ‘ईएनपी३एस०’ असलेला पोर्ट आज ‘ईएनपी४एस०’ होतो, होस्टच्या नेटवर्क ब्रिजला जुनंच नाव माहीत, आणि प्रॉक्समॉक्सचं वेबपान उघडत नाही. माणसाला वाटतं, कार्डाने मशीन मारलं. मॉनिटर जोडून एका फायलीतलं एक नाव बदललं की सगळं जागेवर येतं.

पूर्ण कार्ड एकालाच देण्याऐवजी वाटता येईल का, हा प्रश्न कॉलेजांना नेहमी पडतो. याचं लिनक्समधलं उत्तर म्हणजे व्हीएफआयओची ‘मेडिएटेड डिव्हाइस’ ही चौकट, जी २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या ४.१० आवृत्तीत दाखल झाली. कर्नेलमधल्या तिच्या सोर्स फायलींच्या माथ्यावर लेखक म्हणून एनव्हिडियाच्या निओ जिया आणि कीर्ती वानखेडे यांची नावं आहेत. व्हीएम चालू असताना अशी उपकरणं एका होस्टवरून दुसऱ्यावर नेण्याचं कीर्ती वानखेडे यांचं काम पुढे २०२० च्या अखेरीस केव्हीएमसोबत व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या ५.२ आवृत्तीत आलं. या चौकटीत कार्ड होस्टच्याच ड्रायव्हरकडे राहतं आणि गेस्टला त्याचा हिस्सा मिळतो. मात्र एनव्हिडियाची ही सोय तिच्या व्यावसायिक कार्डांसाठी आणि परवान्यासह आहे, घरच्या जीफोर्सवर अधिकृतपणे नाही. ए१०० मध्ये तर हार्डवेअरमध्येच सातपर्यंत भाग पडतात.

कॉलेजच्या मुलांना फक्त लिनक्सवर मॉडेल शिकवायची असतील, तर यातलं काहीच लागत नाही. कार्ड होस्टच्या ड्रायव्हरकडेच ठेवून एलएक्ससी कंटेनरना त्याच्या डिव्हाइस फायली दिल्या की पाच कंटेनर एकच कार्ड वापरतात, कारण कंटेनर होस्टचंच कर्नेल वापरतो. फक्त कंटेनरच्या आत ड्रायव्हरची वापराची बाजू तेवढी बसवावी लागते, तीही होस्टच्याच आवृत्तीची. होस्ट अद्ययावत केला आणि आतलं जुनंच राहिलं, तर कार्डाची स्थिती दाखवणारी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा आवृत्ती जुळत नाही म्हणून थांबते. आणि कार्डाची मेमरी कोणाला किती, हे इथे कोणी ठरवून देत नाही. एका मुलाचा प्रोग्राम सगळी खाऊन बसला, तर बाकीचे चार अडकतात. ‘एनव्हिडिया-एसएमआय’च्या तळाशी होस्टवर त्या प्रोग्रामचा क्रमांक दिसतो आणि तो तिथूनच बंद करता येतो.